सा-ग-प मेजर, मग तशीच एकेक पट्टी सोडून वाजवलेलं रे-म-ध मायनर कसं? कॉर्ड स्केलमधून नेमके निघतात कसे?

पेटी_आणि_कीबोर्ड:

नमस्कार मंडळी. मी लहानपणापासून पेटी वाजवतो, आमच्याकडे दर गुरुवारी भजन असतं तिथे साथीला मीच असतो, गांधर्वच्या सुरुवातीच्या दोन परीक्षा पण झाल्यात. म्हणजे सूर कळतात, थाट (रागांमागचे सात सुरांचे संच) कळतात, पण कॉर्ड्सशी, म्हणजे तीन-चार सूर एकदम दाबतात त्याच्याशी, कधी संबंध आला नाही. आता मुलगी सातवीत आहे, तिला कीबोर्ड घेतला, क्लास लावला, आणि तिथून एक छापील तक्ता मिळालाय, १२ मेजर, १२ मायनर, १२ सेव्हन्थ, एकूण ३६ कॉर्ड्स, आणि सांगितलंय पाठ करा. ती बिचारी रोज जेवण झालं की पाढे म्हणावेत तसं सी ई जी, डी एफ-शार्प ए असं घोकत बसते. परवा तिने विचारलं, बाबा हेच सूर का, दुसरे का नाहीत? मला सांगता येईना आणि ते मनाला लागून राहिलंय.

मी स्वतः बसून पाहिलं तर सी म्हणजे पांढरी एक, तिला सा धरलं तर सी मेजर म्हणजे सा-ग-प, इथवर ठीक. मग वाटलं डी म्हणजे रे, तर एकेक सूर सोडून रे-म-ध हा डी मेजर असणार. पण तक्त्यात रे-म-ध ला डी मायनर म्हटलंय आणि डी मेजरला मधला म तीव्र करायला सांगितलाय. हाताची ठेवण तीच, सगळ्या पांढऱ्या पट्ट्या, मग एक मेजर आणि एक मायनर का? आणि मुळात हे कॉर्ड आले कुठून, कोणी ठरवले? कुणीतरी पेटीवाल्याच्या भाषेत सांगा प्लीज.

पांढरी_चार:

तुम्ही अर्ध्याहून जास्त रस्ता स्वतःच आलायत, फक्त काळ्या पट्ट्या मोजायच्या राहिल्या. आत्ता पेटी जवळ असेल तर समोर घ्या, भाता मारायची पण गरज नाही, नुसतं बोटाने मोजायचंय.

सा वर बोट ठेवा आणि ग पर्यंत प्रत्येक पट्टी, काळी-पांढरी दोन्ही, एक एक करून चढा. कोमल रे एक, रे दोन, कोमल ग तीन, ग चार. म्हणजे सा ते ग चार घरं. आता ग ते प, म एक, तीव्र म दोन, प तीन. म्हणजे सा-ग-प हा चार अधिक तीन. आता रे पासून मोजा. कोमल ग एक, ग दोन, म तीन. तीनच घरं! आणि म ते ध चार. म्हणजे रे-म-ध तीन अधिक चार. एवढाच फरक आहे, खाली चार वर तीन असेल तर मेजर, खाली तीन वर चार असेल तर मायनर. बोटं सारखीच दिसतात कारण पांढऱ्या पट्ट्या दिसायला सारख्या अंतरावर आहेत, पण कानाला नाहीत, ग-म आणि नि-सा यांच्यात काळी पट्टीच नाही ना.

आणि कोणी ठरवलं म्हणाल तर बिलावल थाटाची (सगळे शुद्ध सूर, तिकडची मेजर स्केल) चालच तशी आहे, सा पासून पुढच्या सुरापर्यंत घरं मोजली तर दोन दोन एक दोन दोन दोन एक. ह्या चालीत एक सूर घ्यायचा एक सोडायचा असं प्रत्येक सुरावरून करा, कॉर्ड आपोआप पडतात. सा-ग-प मेजर, रे-म-ध मायनर, ग-प-नि मायनर, म-ध-सा मेजर, प-नि-रे मेजर, ध-सा-ग मायनर. सातवा नि-रे-म जरा वेगळा, तिथे तीन अधिक तीन येतात, त्याला डिमिनिश्ड म्हणतात, वाजवून बघा, कुठेतरी सुटायला बघतोय असा आवाज येतो. तक्त्यातला डी मेजर तीव्र म मागतो कारण तो सी च्या स्केलचा नाहीच, तो डी ला सा धरलं की त्याचा सा-ग-प आहे.

सेव्हन्थ पण तसाच, अजून एक सूर सोडून पुढचा घ्यायचा. प-नि-रे वर म चढवला की प-नि-रे-म, तक्त्यातला जी सेव्हन्थ तो हाच.

मुलीला सांगा ३६ पाठ करू नकोस. चार-तीन आणि तीन-चार एवढं हाताला माहीत झालं की कुठल्याही पट्टीवरून मेजर मायनर काढता येतो, आणि स्केलची चाल माहीत असली की कुठल्या गाण्यात कुठले कॉर्ड येणार ते पण बऱ्यापैकी कळतं. मी स्वतः तक्ता पाठ करण्यात दोन वर्षं घालवली आणि नंतर एका ज्येष्ठ वादकाने दहा मिनिटांत हे मोजून दाखवलं, त्या दिवशी घरी येऊन रात्री एक वाजेपर्यंत पेटीवर हेच करत बसलो होतो.

सहा_तारा:

गिटारवर हे अजून सोपं दिसतं, एक फ्रेट (दांडीवरच्या दोन आडव्या पट्ट्यांमधली जागा) म्हणजे एक घर, एकाच तारेवर चार फ्रेट पुढे आणि मग तीन फ्रेट पुढे जाऊन तीन सूर वेगवेगळे वाजवून पहा, काळं-पांढरं काही भानगडच नाही.

पेटी_आणि_कीबोर्ड:

पांढरी_चार, तुमचे उपकार कसे मानू. मुलीला शेजारी बसवून मोजलं, ती तर लगेच एफ वरून, ए वरून, कोमल नि वरून सगळीकडून काढायला लागली. तिचा पुढचा प्रश्न तयारच होता. त्यांना क्लासमध्ये ए मायनरमधलं एक गाणं दिलंय. ए ला सा धरलं आणि सगळ्या पांढऱ्या पट्ट्या घेतल्या तर आसावरी थाट होतो, ग ध नि कोमल. त्यात प वरचा कॉर्ड म्हणजे ई-जी-बी, तीन-चार, मायनर यायला पाहिजे. पण कागदावर ई मेजर लिहिलाय, जी-शार्प घेऊन. छापायची चूक आहे का?

पांढरी_चार:

चूक नाही, आणि हा प्रश्न सातवीतल्या मुलीला पडला म्हणजे तिचे कान चांगले आहेत. तुमच्या हिशोबात ए हा सा, मग जी हा कोमल नि आणि जी-शार्प शुद्ध नि. कोमल नि सा पासून दोन घरं लांब आहे, शुद्ध नि अगदी चिकटून, एकच घर. आपण गाताना पण शुद्ध नि वर थांबलो की सा वर जायची ओढ लागते ना, तीच ओढ कॉर्डला हवी म्हणून मायनरमधली गाणी प वरच्या कॉर्डपुरता नि शुद्ध करून घेतात. म्हणजे ग ध कोमल, नि शुद्ध. हे सूर तुम्हाला ओळखीचे वाटतील, राग किरवाणी! पाश्चात्त्य लोक त्यालाच हार्मोनिक मायनर म्हणतात. आधी ई मायनर वाजवून ए मायनरला या, मग ई मेजर वाजवून या, दोन्हीत घरी पोचल्यासारखं कुठे वाटतं ते तीच सांगेल.

मडगावची_फिडल:

उशिरा वाचलं पण राहवलं नाही. मी गोव्याचा, मराठी लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्याकडे चर्चला जोडलेल्या पॅरिश स्कूलमधून पोरांना सोल्फेज शिकवायची जुनी पद्धत, पोर्तुगीज काळापासूनची, म्हणून आम्ही सा रे ग म च्या आधी दो रे मी फा शिकलो. ह्याच वातावरणातून आलेली माणसं पुढे मुंबईच्या सिनेसंगीतात गेली, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल व्हायोलिन शिकले, शंकर-जयकिशनसाठी अरेंजमेंट करणारे सेबॅस्टियन डिसोझा. चाल आपल्या रागातली आणि खाली कॉर्ड्स, ही जोडी बसवण्यात ह्या लोकांचा हात मोठा आहे.

मला सांगायचंय ते असं की कॉर्ड कळला म्हणजे तीन बोटांचा गठ्ठा उचलून इकडून तिकडे टाकायचा असं करू नका. कॉयरमध्ये, म्हणजे चर्चच्या समूहगायनात, आम्ही चार आवाज गातो आणि प्रत्येकाला आपली ओळ असते, तुमचा शेजारी कॉर्ड बदलताना उडी मारत नाही, जवळच्या सुरावर सरकतो. सा-ग-प वाजवा. आता म चा कॉर्ड हवा तर हात उचलून म-ध-सा ला नेऊ नका, सा तिथेच दाबून ठेवा, ग चा म करा, प चा ध करा, झाला सा-म-ध, सूर तेच आहेत फक्त वरचा सा खाली आलाय. परत सा-ग-प ला या. आता प चा कॉर्ड, प तिथेच ठेवा, ग चा रे, सा चा खालचा नि, झाला नि-रे-प. बघा हात जागचा हलला पण नाही. लहान मुलीच्या हाताला हे फार बरं पडतं, आणि ऐकायला पण गाण्यासारखं वाटतं, ठोकल्यासारखं नाही.

तंबोरा:

सगळं बरोबर आहे पण भजनाला लावायच्या आधी माझं एक ऐका, मी गाणारी आहे म्हणून सांगते. तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, स्वयंभू गंधार म्हणतो आपण. सा आणि प च्या तारा तर आहेतच. म्हणजे सा-ग-प हा कॉर्ड तंबोऱ्यात आधीपासून बोलतोय, कोणी बाहेरून आणलेला नाही. फक्त पेटी-कीबोर्डचा ग त्या गंधारापेक्षा जरासा चढा असतो, अर्ध्या सुराचे १०० भाग केले तर साधारण १४ भाग. म्हणून तंबोऱ्यावर कॉर्ड दाबून धरला की माझ्या कानाला तो ग खुपतो. दाबून धरू नका, वाजवून सोडा.

दुसरं म्हणजे रागाचे सूर बघून कॉर्ड घ्या. भूप असेल तर त्यात म नाही नि नाही, मग त्याच्याच सुरांत पूर्ण कॉर्ड दोनच निघतात, सा-ग-प आणि ध-सा-ग. सवयीने प-नि-रे दाबलात तर गाणाऱ्याच्या कानात नि शिरतो आणि भूप गेला! तिथे नुसता प आणि वरचा रे घ्या, नि सोडून द्या. भैरवात तर चार-तीनचा हिशोब मध्येच मोडतो, कोमल ध वरून ध-सा-ग घेतला तर चार अधिक चार येतात, तो ना मेजर ना मायनर. आणि दरबारीचा ग आंदोलित असतो, तो एका पट्टीवर बसतच नाही, तिथे कॉर्ड वाजवूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

सहा_तारा:

तंबोरा ताई, ते भूपचं लिहून घेतलं, मी तिथेच दरवेळी अडकत होतो.

पेटी_आणि_कीबोर्ड:

कालच्या गुरुवारचं सांगतो. आमच्या बुवांची पट्टी पांढरी चार, म्हणजे एफ. मुलीला घेऊन गेलो होतो, तिने आदल्या रात्री एफ ला सा धरून दोन दोन एक करत स्वतः स्केल काढली, म काळी पाचवर येतो म्हणून म चा कॉर्ड तिथून, असं वहीत लिहून आणलं होतं. मी पेटीवर चाल वाजवली, तिने कीबोर्डचा आवाज अगदी बारीक ठेवून सा-ग-प, सा-म-ध, नि-रे-प एवढेच तीन धरले, मडगावच्या दादांनी सांगितलं तसे हात न उचलता, आणि ताईंनी सांगितलं तसे वाजवून सोडत. शेवटचा अभंग भुपातला होता, तिथे तिने नि सोडला. बुवांनी काही विचारलं नाही, पण दुसऱ्या अंतऱ्याला मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि पुढची ओळ परत घेतली, सावकाश, तिला बदलायला वेळ मिळेल अशी.

आता ती म्हणते यमनचे काढूया. तीव्र म घेतल्यावर रे-म-ध मेजर झालाय, इथवर आलोय आम्ही, पुढचे रविवारी मोजणार.