हात वर केला की थांबायचं

डॉक्टर गोड बोलले म्हणजे रुग्णकेंद्री उपचार, असं एकाने लिहिलेलं वाचलं. मला ते अपुरं वाटतं. आईची (वय ७१, मधुमेह) खालची दाढ किडली होती. पहिल्या दवाखान्यात खुर्चीत टेकते न टेकते तोच निकाल: रूट कॅनाल, वर कॅप. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी आधी एक्स-रे दाखवला, कीड नसेला कुठे भिडलीय तिथे बोट ठेवलं. मग दोन्ही वाटा सांगितल्या. दाढ वाचवायची तर दोन-तीन खेपा आणि खर्च जास्त. काढायची तर लवकर सुटका, पण पुढे शेजारचे दात त्या फटीकडे कलू शकतात. शुगरचा ताजा रिपोर्टही मागितला.

आणि मुख्य म्हणजे, "काकू, दुखलं की डावा हात वर करा, मी मशीन थांबवते." तोंडात नळी असताना माणूस बोलणार कसा? आईने दोनदा हात वर केला, दोन्ही वेळा त्या थांबल्या. एकदा म्हणे नुसती खात्री करून घ्यायला!

'सांगा, दाखवा, करा' (आधी काय करणार ते सांगायचं, मग दाखवायचं, मगच उपचार करायचा) ही पद्धत दंतवैद्य अ‍ॅडलस्टन यांनी १९५९ मध्ये लहान मुलांसाठी मांडली. मोठ्यांना ती लावायला काय हरकत आहे?