आर्कराइटने वॉटर फ्रेम स्वतः शोधली की दुसऱ्याची उचलली?

अमळनेरकर

राम राम मंडळी. पुतणी नववीला आहे, शाळेच्या प्रदर्शनात तिने औद्योगिक क्रांती घेतली आणि त्यातला रिचर्ड आर्कराइट निवडला, कारण आमच्या घरातल्या दोन पिढ्या गिरणीत गेल्या, सुताचं नाव काढलं की तिचे आजोबा अजून सरसावून बसतात. तिने बोर्डवर एकच ओळ लिहिली होती, आर्कराइटने १७६९ मध्ये वॉटर फ्रेमचा (पाण्यावर चालणाऱ्या सूत कातायच्या यंत्राचा) शोध लावला, आणि विषय संपला. मी म्हटलं जरा खोलात जाऊ तर वेगळंच निघालं. माणूस प्रेस्टनच्या शिंप्याचा मुलगा, तेरा भावंडांतलं शेंडेफळ, शाळा जवळपास नाहीच, धंद्याने न्हावी, गावोगाव फिरून केस विकत घ्यायचा आणि टोप बनवून विकायचा. यंत्राचा नमुना त्याला करून दिला जॉन के नावाच्या घड्याळजीने (मागाचा उडता धोटा काढणारा के वेगळा बरं का, नावं सारखी आहेत), आणि हाच के त्याआधी थॉमस हाइज नावाच्या माणसासाठी तसलंच मॉडेल बनवत होता. पुढे १७८५ ला लंडनच्या कोर्टात हाइज आणि के दोघांनी साक्ष दिली आणि त्याचं १७७५ चं दुसरं पेटंट रद्द झालं. मग याला शोधक का म्हणायचं? पुतणी विचारतेय, काका आता बोर्डवर काय लिहू.

आणि एक, रोलरने सूत ओढतात हे वाचतो पण डोक्यात बसत नाही. गिरणीत काम केलेल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

रिंगखात्यातले आप्पा

भाऊ, माझं सगळं आयुष्य गिरणीत सूत कातायच्या रिंग खात्यात गेलं, म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, पहिल्याचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

रुई पिंजून झाली की जाड मऊ पेळू मिळतो. चरख्यावर बाई काय करते, एका हाताने चाक फिरवते आणि दुसऱ्या हाताने पेळू मागे खेचते, खेचला की बारीक होतो आणि चातीवर (फिरत्या दांड्यावर) पीळ बसतो. हे बोटांचं काम रोलरच्या जोड्यांकडून करून घ्यायचं. मागची जोडी हळू फिरते, पुढची तिच्यापेक्षा जोरात, तिच्या पुढची आणखी जोरात, म्हणजे मागून जेवढी रुई येते त्यापेक्षा पुढून जास्त ओढली जाते, तंतू एकमेकांवरून सरकतात आणि पेळू लांबत बारीक होत जातो. शेवटी चाती पीळ देते. आर्कराइटच्या पेटंटात अशा चार जोड्या होत्या, खालचा रोलर खाचांचा, वरचा चामडं चढवलेला आणि त्याला वजनं टांगलेली.

आता नुसती कल्पनाच बघायची तर लुईस पॉलने रोलरच्या कताईचं पेटंट १७३८ लाच घेतलं होतं, जॉन वायट त्याच्या सोबत होता. त्यांनी गिरण्याही काढल्या पण धंदा उभा राहिला नाही. खरी मेख आहे दोन जोड्यांमधल्या अंतरात. अंतर तंतूच्या लांबीपेक्षा थोडंसंच जास्त पाहिजे. कमी झालं तर एकच तंतू दोन्ही जोड्या धरतात आणि तो तुटतो, फार जास्त झालं तर आखूड तंतू मधल्यामधे मोकळे तरंगतात आणि सूत कुठे जाड कुठे बारीक निघतं. वजन कमी पडलं तर रोलर घसरतो. आम्ही कॉम्प्युटरवाल्या मशीनवर सुद्धा गठाणींचा स्टेपल (तंतूची लांबी) बदलला की गेज (रोलरमधलं अंतर) बदलायचो, बाकी सगळं बदललं पण हे तसंच आहे. हे अंतर आणि हे वजन आर्कराइटच्या फ्रेमला बसलं, पॉलच्या मशीनला बसलं नव्हतं. माझ्या लेखी हे चोरून होत नाही, त्याला मशीनपाशी उभं राहून खपावं लागतं.

धरणगावची लेक

आप्पा, फार सुंदर समजावलंत. पण ते अंतर हाइजने बसवलं, केने की आर्कराइटने, हे त्या मशीनवरून ठरत नाही ना. कोर्टात स्पिनिंग जेनीवाल्या जेम्स हारग्रीव्हजची बायको आणि मुलगा पण आले होते, कार्डिंग म्हणजे रुई पिंजायच्या मशीनमधल्या फणीबद्दल साक्ष द्यायला. म्हणजे एकट्या हाइजचा दावा नव्हता. मी शाळेत इतिहास शिकवते, आणि पुस्तकात एका माणसाचं नाव एका मशीनला चिकटवलं की बाकीचे कारागीर गायब होतात याचं मला खरंच वाईट वाटतं. के आणि हाइज ही नावं त्या बोर्डवर आलीच पाहिजेत.

आता दुसरी बाजू, जी आपल्याला जवळची आहे. वॉटर फ्रेमच्या आधी इंग्लंडमध्ये ताण्याला (मागावरच्या उभ्या धाग्यांना) चालेल इतकं घट्ट सुती सूत कुणाला धड जमत नव्हतं, म्हणून ताणा लिननचा (जवसाच्या धाग्याचा) आणि बाणा सुताचा असं मिश्र कापड विणायचे. पूर्ण सुती कापड जायचं हिंदुस्थानातून. आमच्या धरणगावला सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती ती कापडासाठीच. त्या छापील कापडाने तिकडचे विणकर हैराण झाले तेव्हा १७२१ च्या कायद्याने ते वापरण्यावरच बंदी आली. आर्कराइटचं सूत ताण्याला टिकलं, पण आता त्याचं स्वतःचं कापडही त्याच बंदीत अडकायला लागलं. मग त्याने आणि भागीदारांनी पार्लमेंटकडे अर्ज केला आणि १७७४ ला कायदा बदलून घेतला. तिथे बनलेल्या पूर्ण सुती कापडाला मोकळीक, ओळखीसाठी किनारीत तीन निळे धागे. आपल्या कापडावरची बंदी मात्र तशीच राहिली. मला विचाराल तर रोलरइतकंच हे त्याचं मोठं काम, आणि आपल्या विणकरांना पुढे जे भोगावं लागलं त्याची एक सुरुवात इथेही आहे.

साक्रीचा शेतकरी

पाण्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो भो. नॉटिंगहॅमला त्याची पहिली गिरणी घोड्यांवर चालायची. मग समुएल नीड आणि जेडेडाया स्ट्रट हे मोज्यांच्या धंद्यातले पैसेवाले भागीदार मिळाले आणि १७७१ ला डर्बीशायरात क्रॉमफर्डला जागा घेतली. जागा का तीच, तर तिथे एक ओढा आणि शिवाय शिशाच्या खाणीतलं पाणी बाहेर काढायचा चर होता. खाणीचं पाणी कोमट, हिवाळ्यात गोठत नाही, चाक बारा महिने फिरतं. आमच्याकडे पांझरा नदीवर फडाचे (गावाच्या सामायिक सिंचनाचे) पाट बांधणाऱ्यांनी उतार आणि पाणी बघून गावं जगवली, त्यामुळे ही नजर मला लगेच कळली. यंत्र कुणाचंही असो, ते पाण्यावर नेऊन शेकडो चात्या एका छताखाली चालवणं हे याचंच.

अमळनेरकर

बाप रे, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. मनापासून आभार. बाबांना हे सगळं वाचून दाखवलं तर त्यांनी पहिलं काय विचारलं असेल, पाळ्या किती तासांच्या होत्या.

धरणगावची लेक

बाबांना सांगा, बारा बारा तासांच्या दोन, दिवसरात्र. घंटा व्हायची आणि उशीर झाला की दार बंद, मजुरी बुडाली. आणि कामगारांत मोठा भाग लहान मुलांचा, सुरुवातीला सात वर्षांची सुद्धा. जाहिरातीतच जास्त मुलं असलेली कुटुंबं मागवायचा. बायका-मुलं गिरणीत, पुरुष घरी मागावर, त्यासाठी नॉर्थ स्ट्रीटला तीन मजली घरं बांधली, वरच्या मजल्यावर मागाला उजेड यावा म्हणून लांब खिडक्या. घरं चांगली होती हे खरं, पण त्या पोरांचं बालपण त्या घंटेत गेलं हेही तितकंच खरं आहे, आणि नववीतल्या मुलीने हे लिहिलंच पाहिजे, तिच्याहून लहान होती ती. लोकांचा रागही होता, १७७९ ला बर्कॅकरची त्याची गिरणी जमावाने जाळली, हातांचं काम जाईल म्हणून.

पन्नाशी उलटल्यावर हा माणूस रोज वेळ काढून व्याकरण आणि शुद्धलेखन शिकत होता. १७८६ ला सर झाला, १७९२ ला गेला तेव्हा मागे सुमारे पाच लाख पौंड. पेटंट जाऊनही, बघा.

रिंगखात्यातले आप्पा

ताईंचं पटलं. बोर्डवर असं लिहा: कल्पना पॉल-वायटची, दावा हाइजचा, मॉडेल केचं, आणि चालती गिरणी आर्कराइटची. जागा झाली तर मुलांसाठी वेगळा रकाना ठेवा.

आणि पोरीला मॉडेल करायचं असेल तर दोनच जोड्या पुरे. लाकडी बॉबिनचे रोलर घ्या, वरच्यांना सायकलच्या ट्यूबचं रबर चढवा, पुढची जोडी मागच्यापेक्षा चार-पाच पट जोरात फिरेल अशा पुल्या लावा. आपल्याकडच्या हायब्रीड कापसाचा तंतू साधारण २८ ते ३० मिलिमीटर असतो, म्हणून दोन जोड्यांच्या मध्यात ३५ च्या आसपास अंतर धरा. त्यासाठी रोलर त्याहून बारीक लागतील, जाड बॉबिन चालणार नाहीत. जिनवरची सरकी काढलेली रुई हाताने नीट मोकळी करून लावा, कचरा राहिला तर पहिल्यांदा तिथेच तुटेल.