ज्यूंना मारलं ते धर्मासाठी की कर्ज बुडवायला?

रानपाखरू: मध्ययुगीन युरोपात ज्यूंचे जे हाल झाले त्याचं कारण विचारलं की सगळे धर्मवेड म्हणून मोकळे होतात, मला ते पटत नाही. इंग्लंडातल्या यॉर्कचं बघा, मार्च ११९०. ज्यू कुटुंबं जीव मुठीत धरून किल्ल्याच्या बुरुजात जाऊन बसली, बाहेरच्या जमावाचा एक म्होरक्या रिचर्ड मालेबीस, स्वतः ज्यू सावकाराचा कर्जदार. आतल्या बहुतेकांनी बायकापोरांना मारून स्वतःचा जीव दिला. उरलेले म्हणाले बाप्तिस्मा घेतो, ख्रिस्ती होतो, सोडा आम्हाला, तर बाहेर आल्याआल्या त्यांनाही कापलं. आणि नंतर जमाव गेला थेट कॅथेड्रलमध्ये, म्हणजे शहरातल्या मुख्य चर्चमध्ये, तिथे ठेवलेले कर्जरोखे काढले आणि आतच जाळले! धर्माचंच होतं तर बाप्तिस्म्याला तयार झालेल्यांना का मारलं?

मीठभाकर: अजिबात पटलं नाही. १०९६ ला क्रुसेडवाल्यांच्या, म्हणजे धर्मयुद्धाला निघालेल्या ख्रिस्त्यांच्या टोळ्या जर्मनीतल्या वर्म्स, माइन्झमध्ये घुसल्या, त्यात कितीतरी लोक लांबून आलेले, त्यांनी कुठे तिथल्या ज्यूंकडून कर्ज काढलं होतं? बाप्तिस्मा नाहीतर मरण, एवढंच. व्याज तर इटालियन लोम्बार्ड सावकारही खायचे, पण प्लेगच्या वेळी विहिरीत विष टाकल्याचा आळ कुणावर आला?

रानपाखरू: प्लेग काढलातच तर ऱ्हाईनकाठचं स्ट्रासबुर्ग शहर घ्या. पोप क्लेमेंट सहावा १३४८ लाच सांगत होता की अरे ज्यूसुद्धा प्लेगने मरतायत, विष कसलं. नगर परिषदेचे म्होरकेही ज्यूंना वाचवू बघत होते, त्यांना कारागीर संघांनी खाली खेचलं आणि १४ फेब्रुवारी १३४९ ला शेकडो माणसं ज्यूंच्याच कब्रस्तानात जाळली. प्लेग तेव्हा शहरात पोचलाही नव्हता! लगेच कर्जं माफ, गहाण वस्तू परत, रोकड वाटून घेतली.

मीठभाकर: आणि तिथेच ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांना सोडलं, लहान पोरं आगीतून ओढून काढून आईबापांच्या मर्जीविरुद्ध बाप्तिस्मा दिला, हे का गाळलंत? पैसाच हवा होता तर लेकरांच्या डोक्यावर पाणी कशाला घालायचं?

जुनी वही: तुमच्या भांडणात राजे सुटले. इंग्लंडात ज्यू म्हणजे राजाची मालमत्ता, वाटेल तेव्हा वाटेल तेवढा कर उपसायचा, म्हणजे व्याजाचा पैसा तिजोरीत आणि शिव्या ज्यूंना. एडवर्ड पहिल्याने १२७५ ला व्याजबंदी केली, पिळायला काही उरलं नाही तेव्हा १२९० ला अख्खा समाज देशाबाहेर काढला, त्याच्या बदल्यात त्याच साली पार्लमेंटने त्याला भलामोठा कर मंजूर करून दिला.

मीठभाकर: राजाचा लोभ मान्यच. पण असा सौदा पार्लमेंटला गोड का वाटला ते बघा ना. १२१५ च्या लॅटरन परिषदेने, म्हणजे रोममधल्या चर्चच्या धर्मसभेने, ज्यूंनी वेगळा ओळखू येईल असा पोशाख घालावा म्हणून ठरवलं, इंग्लंडात १२१८ पासून छातीवर बिल्ला लावायचा हुकूम, त्यात ख्रिस्ती पोर मारून रक्त वापरतात असल्या अफवा पिढ्यान्‌पिढ्या. मग त्यांना हाकललं तर हळहळणार कोण?