सिंगल कोअर केबलचा स्क्रीन: अर्थिंग एका टोकाला की दोन्ही?

धागाकर्ता: कारखान्यात २२ केव्हीची नवी केबल पडतेय. ४०० मीटर, सिंगल कोअर (प्रत्येक फेजची वेगळी केबल), तिन्ही फेज ट्रेफॉइलमध्ये, म्हणजे त्रिकोणी जुडीत बांधलेले. कन्सल्टंट म्हणतात, स्क्रीन (इन्सुलेशनवर गुंडाळलेली तांब्याची पट्टी) पॅनेलकडेच अर्थ करा, ट्रान्सफॉर्मरकडे मोकळा ठेवा. मला हे मान्य नाही. मोकळ्या टोकाला व्होल्टेज येतं आणि टर्मिनेशन करणाऱ्या पोराचा हात नेमका तिथेच असतो. दोन्हीकडे अर्थ करावा.

डिझाइनवाला: दोन्हीकडे केलात की स्क्रीनमधून बारा महिने चोवीस तास करंट फिरणार. ती उष्णता केबलच्याच माथी. एक्सएलपीई इन्सुलेशनला ९० अंशांची मर्यादा आहे, म्हणजे लोड कमी करावा लागणार. थ्री कोअर (तिन्ही फेज एकाच केबलमध्ये) असती तर मीही दोन्हीकडेच म्हटलं असतं, तिथे तिन्ही फेजचं चुंबकीय क्षेत्र जवळजवळ पुसलं जातं.

धागाकर्ता: हिशोब केलाय. ट्रेफॉइलमध्ये १००० अँपिअरला स्क्रीनवर किलोमीटरमागे साधारण ५५ व्होल्ट येतात. आमचा लोड ३००, म्हणजे ४०० मीटरला साडेसहा व्होल्ट. तांब्याच्या पातळ पट्टीतून तेवढ्यावर करंट फिरून फिरणार किती?

डिझाइनवाला: मग साडेसहा व्होल्टला घाबरता कशाला?

धागाकर्ता: रोजच्या साडेसहाला नाही, फॉल्टला घाबरतो. पुढे १० हजार अँपिअरचा थ्री फेज फॉल्ट झाला तर त्याच टोकाला २२० व्होल्ट. अर्थ फॉल्टला त्याहून जास्त.

डिझाइनवाला: त्यासाठी मोकळं टोक कुलूपबंद लिंक बॉक्समध्ये (स्क्रीनच्या जोडण्यांच्या पेटीत) घ्यायचं, व्होल्टेज लिमिटर लावायचा, सोबत अर्थची वेगळी तार ओढायची. आणि तुमचा हिशोब पट्टीचाच आहे. अॅल्युमिनियमचा आर्मरही (केबलवरचं तारांचं कवच) दोन्हीकडे बांधला जाणार, त्याचा रेझिस्टन्स पट्टीपेक्षा बराच कमी. तो धरा, मग बोला.

जॉइंटर: साहेब, दोघांनाही हात जोडून सांगतो, सीबीसीटी विसरू नका, म्हणजे तिन्ही फेजभोवतीची ती रिंग, जी करंटची बेरीज शून्य नसली की अर्थ फॉल्ट समजून फीडर पाडते. केबल स्क्रीनसकट त्यातून गेली असेल तर स्क्रीनची अर्थ वेणी (गुंफलेली तार) परत त्यातूनच काढून मग अर्थ बारला लावा. एका ठिकाणी वेणी सरळ बारला दिली होती. दोन्ही टोकं अर्थ, जमिनीतला कुठलातरी करंट स्क्रीनमधून यायचा आणि फॉल्ट नसताना फीडर पडायचा. तीन रात्री आम्ही केबलच मेगर करत, म्हणजे तिचं इन्सुलेशन तपासत बसलो होतो.

धागाकर्ता: आर्मरचा मुद्दा बरोबर, तो धरला नव्हता. उद्या केबलच्या डेटाशीटवरून काढतो. पण दूरचं टोक मोकळं ठेवायला माझा विरोध कायम आहे. लिंक बॉक्सचं कुलूप पाच वर्षांनी जागेवर असेल, याची हमी मी माझ्या माणसांना देऊ शकत नाही.