नवी विनोदी मालिका सोडली, आता अण्णांबरोबर काय बघू?

खिडकीपाशी

ही मालिका सुरू होणार म्हणून आमच्याकडे महिनाभर आधीपासून तयारी होती. तयारी म्हणजे काय, तर सासऱ्यांनी साडेआठच्या बातम्या सोडायचं कबूल केलं. ज्यांच्या घरी ८१ वर्षांचे सासरे आहेत त्यांना यातलं मोठेपण कळेल. मालिकेचं नाव मुद्दाम घेत नाही. बघितली असेल त्यांना दोन ओळींत ओळखू येईल, नसेल बघितली तर सुटलात.

एक इमारत, चार बिऱ्हाडं, एक खडूस सेक्रेटरी. कल्पना वाईट नाही, आणि कलाकारांतले निम्मे तरी नाटकातले, मुरलेले. म्हणूनच जास्त वाईट वाटलं. सेक्रेटरी दर दोन मिनिटांनी ‘नियम म्हणजे नियम!’ म्हणतो, दुसऱ्या मजल्यावरचे काका शिंकतात, तिसऱ्या मजल्यावरची मुलगी फोनवर बोलता बोलता कशाला तरी धडकते. मग जाहिराती. मग पुन्हा काका शिंकतात.

अण्णांच्या (सासऱ्यांच्या) दोन्ही कानांत मशीन आहे. मशीनला आवडनिवड नसते. संवाद मोठा होतो तसं त्यामागे लावलेलं हसूही मोठं होतं. कुणीतरी बोलायला तोंड उघडतं, तोच मागून पन्नास माणसं खदाखदा हसतात आणि वाक्य त्यात बुडतं. अण्णा विचारतात, “काय म्हणाला?” मी सांगते. ते माझ्याकडे बघत राहतात, पुढचं सांगेल म्हणून. पुढचं काही नसतं. दहा मिनिटांत पाचदा असं झाल्यावर मलाच शरम वाटायला लागली, जणू ते मीच लिहिलंय.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मशीन काढून टेबलावर ठेवलं आणि नुसते चेहरे बघत बसले. मी म्हटलं, बंद करू का? तर म्हणाले, “असू दे. ती बाई चांगलं काम करते.” कोणती बाई? सेक्रेटरीची बायको. तिला त्या दिवशी चार वाक्यं होती.

चौथ्या दिवशी मी कागद घेऊन बसले. बावीस मिनिटांत मागचं हसू ६३ वेळा. ‘नियम म्हणजे नियम’ ११ वेळा. आम्ही दोघं हसलो दोनदा, त्यातलं एकदा मांजर टीव्हीसमोर येऊन बसलं म्हणून.

दुसऱ्यांदा हसलो तो प्रसंग मात्र खरंच छान होता. सेक्रेटरी लिफ्टमध्ये एकटाच उद्याच्या सभेचं भाषण घोकतोय. प्रत्येक मजल्यावर दार उघडतं, बाहेर कुणीतरी उभं असतं, हा गप्प होऊन छताकडे बघतो. दार मिटलं की अडलेल्या शब्दापासून पुढे सुरू. त्या प्रसंगाला मागचं हसू नव्हतं. लावायला विसरले असावेत.

तर सांगा, मलाच असं वाटतंय का? आणि अण्णांबरोबर बघता येईल असं काही सुचवा. मागचा गोंगाट नको, बोलणं स्पष्ट हवं, शिवीगाळ नको. मराठी, हिंदी, इंग्रजी, काहीही चालेल. इंग्रजी ते खालच्या ओळी वाचत बघतात.

उशिरा_जागणारा

चार दिवस टिकलात, दंडवत घ्या. मी पहिल्याच भागात उठलो. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला सगळे नवा भाडेकरू समजतात तिथे. असला घोटाळा फार्समध्ये शेकडो वेळा चालून गेलाय, अजूनही चालतो. पण फार्समधला माणूस काहीतरी लपवत तरी असतो. हा हातात पान्हा घेऊन उभा आहे हो!

‘ऑफिस ऑफिस’ बघा. २००१ ची हिंदी मालिका, पंकज कपूर मुसद्दीलाल. साधा माणूस, सरकारी कचेरीत एक काम घेऊन जातो आणि ते होत नाही, बस. गंमत अशी की कचेरी बदलते पण आतली माणसं तीच. आज जे टोळकं पेन्शनच्या खिडकीमागे बसलेलं दिसतं, तेच पुढच्या खेपेला दुसऱ्या खात्यात, तसंच. आसावरी जोशी, संजय मिश्रा, देवेन भोजानी, मनोज पाहवा. यात भाष्य काय आहे हे कुणी समजावून सांगत नाही, तेच चेहरे बघून आपल्यालाच कळतं.

तिसरी_घंटा

ताई, तुम्हाला एकट्यांना वाटत नाहीये. मी आधी काही वर्षं नाटकाच्या मागे होतो, आता संकलन करतो. दुसऱ्यांच्या मालिकांत हे हसू मी स्वतः चिकटवलेलं आहे, त्यामुळे कबुलीजबाब म्हणून वाचा.

नाटकात हशा आला की नट थांबतो. किती थांबायचं हे त्याला कुणी शिकवत नाही. हशा चढतो, उतरायला लागतो, पुरता विरायच्या आत पुढचं वाक्य टाकायचं. लवकर टाकलं तर वाक्य मेलं, उशिरा टाकलं तर प्रयोग पडला. अमेरिकेत १९५१ साली ‘आय लव्ह लूसी’ सुरू झाली ती याच तत्त्वावर. समोर खरे प्रेक्षक, एकाच वेळी चालणारे अनेक कॅमेरे, आणि नट हशासाठी खरोखर थांबलेले. मग चार्ली डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने हसण्याचं यंत्रच बनवलं. टाइपरायटरसारख्या कळा, दाबाल तसं हसू. हळूच, खळखळून, एखाद्या बाईचं वेगळं. प्रेक्षक बोलवायची गरजच उरली नाही.

तुमच्या मालिकेत घोटाळा असा झालाय की चित्रीकरणाच्या वेळी समोर कुणी हसतच नाही, त्यामुळे नट थांबत नाही. तो वाक्यामागून वाक्य म्हणून मोकळा होतो. मग आम्ही टेबलावर बसून हसू घालायचं कुठे? वाक्याच्या डोक्यावर. किंवा मग जागा करण्यासाठी तिघांचे चेहरे एकामागून एक दाखवायचे, डोळे मोठे केलेले. अण्णांचं मशीन बिघडलेलं नाही, ते चुकीच्या जागी घातलेलं हसू इमानाने ऐकवतंय.

‘मॅश’मध्ये (१९७२ ते १९८३, कोरियन युद्धातलं लष्करी रुग्णालय) निर्मात्यांना मागचं हसू नको होतं आणि वाहिनीला हवं होतं. तडजोड अशी झाली की शस्त्रक्रियेच्या प्रसंगांत हसू वाजणार नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीने ती मालिका मागच्या हसण्याशिवायच दाखवली. आणि मालिका काही कमी विनोदी झाली नाही. तुमचा लिफ्टचा प्रसंग कुणी विसरलं नसणार. माझी पैज आहे, संकलकाने हट्ट धरला असेल.

पण सगळं पाप हसण्याच्या माथी मारू नका. खरं दुखणं लिहिण्यात आहे. शिंक, धडक, ‘नियम म्हणजे नियम’, ही पालुपदं झाली, माणसं नाहीत. मुसद्दीलालला एक कागद हवा असतो. ‘येस मिनिस्टर’ या ब्रिटिश मालिकेतल्या सर हम्फ्रीला, म्हणजे मंत्र्याच्या सरकारी सचिवाला, काहीही बदलू नये असं वाटतं, आणि मंत्र्याला आपण काहीतरी बदलतोय असं दिसायला हवं असतं. दोघांना एका खोलीत सोडा, लेखकाला फार काही करावं लागत नाही. तुमच्या सेक्रेटरीला काय हवंय? चार भागांत कळलं का? फक्त लिफ्टमध्ये कळलं. त्याला सभेत लोकांनी आपलं ऐकावं असं वाटतं, आणि ते दुसऱ्याला दिसलेलं चालत नाही. तेवढ्या तीन मिनिटांत तो माणूस होता.

रोजच्या मालिकेत हे का होतं तेही सांगतो. रोज बावीस मिनिटं द्यायची असतात. सुरुवातीला आधीच तयार करून ठेवलेल्या भागांची बँक असते, ती महिनाभरात संपते, मग सकाळी सीन हातात येतो आणि दुपारी शूट होतो. अशा वेळी पालुपद फार कामाला येतं, पान भरतं. याच्या उलट टोक म्हणजे ‘फॉल्टी टॉवर्स’. जॉन क्लीज आणि कॉनी बूथ या दोघांनी मिळून लिहिलेले एकूण बारा भाग. सहा १९७५ मध्ये, सहा १९७९ मध्ये. संपलं.

अण्णांना तीच दाखवा. प्रेक्षकांचं हसू आहे तिच्यात, पण समोर बसलेल्यांचं आहे, नट त्याला जागा देतात. १९७९ च्या सहातला पहिला भाग आधी लावा. हॉटेलात एक खाष्ट म्हातारी येते, कानाला मशीन असलेली, आणि बॅटरी वाचवायची म्हणून ते बंद ठेवणारी. पुढचं सांगत नाही.

धीर_धरा

थोडं विरुद्ध बोलतो. चार भागांत फाशी देऊ नका. ‘साइनफेल्ड’चा पहिला भाग १९८९ मध्ये चाचणी-प्रेक्षकांना आवडला नव्हता, पहिल्या मोसमात जेमतेम पाच भाग झाले. पुढे १९९८ पर्यंत चालली, १८० भाग. अमेरिकन ‘द ऑफिस’चे २००५ मधले पहिले सहा भाग आज बघा, साहेब नुसता तिरस्करणीय आहे. दुसऱ्या मोसमात त्याला जरा मऊ केला आणि मालिका उभी राहिली. ‘चीअर्स’ पहिल्या वर्षी लोकप्रियतेच्या यादीत तळाला होती, ती अकरा मोसम चालली. विनोदी मालिकेला सूर सापडायला वेळ लागतो. नटांनाही आपलं पात्र कळायला पाच-दहा भाग जातात.

आपण मात्र चौथ्या दिवशी कागद घेऊन हसू मोजायला बसतो. (ताई, राग मानू नका, कागदाची आयडिया आवडली.)

तिसरी_घंटा

@धीर_धरा, उदाहरणं बरोबर आहेत, पण त्या सगळ्या आठवड्याला एक भागवाल्या. लेखकांना मध्ये श्वास घेता आला, दोन मोसमांच्या मध्ये चुका बघता आल्या. रोजच्या मालिकेत चूक बघायला वेळ कुठे आहे? आमच्याकडे तर कधी कधी आज प्रसारित होणारा भाग आज दुपारी कापत असतो. आणि ‘द ऑफिस’चा साहेब पहिल्या भागापासून प्रेमाचा भुकेला आहे, फक्त असह्य आहे. त्याला मऊ करता आलं कारण आत काहीतरी होतं. शिंकणाऱ्या काकांना कशात मऊ करणार? सर्दी बरी करून?

जुनी_कॅसेट

‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ अजून कुणीच म्हटलं नाही? कमाल आहे. अल्फा मराठीवर २००१ मध्ये सुरू झाली, केदार शिंदेंचं दिग्दर्शन. मूळ दिलीप प्रभावळकरांचं ‘अनुदिनी’, घरातल्या माणसांच्या रोजनिश्या. आबा झालेले प्रभावळकर तेव्हा साठीलाही पोचले नव्हते, पण कुणाला खरं वाटेल का? आणि हाच माणूस त्याच्या वीसेक वर्षं आधी दूरदर्शनवर चिमणराव होता, बाळ कर्व्यांच्या गुंड्याभाऊबरोबर. अण्णांना तो चिमणराव नक्की आठवत असणार, विचारून बघा.

टिप्र्यांच्या घरात घडत काहीच नाही. शेखर वैतागतो, श्यामला सांभाळून घेते, शिऱ्या काहीतरी उद्योग करून ठेवतो, शलाका चिडते, आबा मध्ये पडतात. पाच जणांतला कुणीही नुसता विनोद करण्यासाठी घरात ठेवलेला नाही.

हिंदीत ‘साराभाई वर्सेस साराभाई’ आहेच (२००४). पहिल्यांदा लागली तेव्हा फार लोकांनी पाहिली नव्हती, नंतर मात्र पाठ झाली. पण आधी टिपरे.

खिडकीपाशी

सगळ्यांचे आभार. दहा दिवसांचा अहवाल देते.

‘येस मिनिस्टर’ जमली नाही. म्हणजे अण्णांना सर हम्फ्री लगेच ओळखीचा वाटला (अण्णा बँकेत होते, असे तीन तरी त्यांनी पाहिलेत म्हणे), पण त्याचं एकेक वाक्य एवढं लांब की खालच्या ओळी वाचून होईपर्यंत वरचा चेहरा निघून जातो. “मी पुस्तक वाचतोय की टीव्ही बघतोय?” म्हणाले. यावर ‘जी मंत्रीजी’ आठवली, फारुख शेख मंत्री असलेली तिची हिंदी आवृत्ती. ती शोधतेय.

‘फॉल्टी टॉवर्स’चा तो म्हातारीचा भाग लावला. हॉटेलवाला तिच्यासमोर आवाज न काढता नुसते ओठ हलवतो, म्हणजे ऐकू येत नाही असं वाटून ती मशीन मोठं करेल. मला हसता हसता भीती वाटत होती की अण्णांना वाईट वाटेल. अण्णा गंभीरपणे म्हणाले, “बाईचं बरोबर आहे. बॅटरी फार लवकर संपते.” आणि मग इतके हसले की ठसका लागला. पूर्ण भाग मशीन कानातच होतं, याची नोंद @तिसरी_घंटा यांनी घ्यावी. दुसऱ्या दिवशी मुलाने त्यांच्यासमोर नुसते ओठ हलवून बघितले. त्यावर घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

टिपरे रोज एक भाग चालू आहे. चिमणराव त्यांना आठवतो. फक्त चिमणराव ते आबा हे एकच गृहस्थ आहेत हे मान्य करायला दोन दिवस घेतले. शेखर वैतागला की अण्णा माझ्या नवऱ्याकडे बघतात. नवरा मोबाइलमध्ये बघतो.

‘ऑफिस ऑफिस’चे दोन भाग झाले. मुसद्दीलाल दुसऱ्यांदा खिडकीवर पाठवला गेला तेव्हा अण्णा उठून पाणी प्यायला गेले. विनोद म्हणून बघवत नाही म्हणाले, त्यांच्या पेन्शनच्या वेळचं आठवतं. ती सध्या मी एकटी बघते.

आणि @धीर_धरा, तुमच्या बाजूने एक गोष्ट. साडेआठ वाजले की अण्णा स्वतःच रिमोट घेऊन ती नवी मालिका पाच मिनिटं लावतात, मशीन काढून. सेक्रेटरीच्या बायकोला आज बोलायला मिळालं का एवढं बघायचं असतं. काल सात वाक्यं होती.