सी विंग ग्रुप: जुन्या कॅमेऱ्यातली मायक्रोड्राइव्ह

सुनंदा काकू: नमस्कार मंडळी. कपाट आवरताना ह्यांचा जुना डिजिटल कॅमेरा सापडला. आत कार्डाच्या जागी ‘मायक्रोड्राइव्ह १ जीबी’ लिहिलेली चपटी डबी आहे. मुलं लहान असतानाचे फोटो त्यातच असणार, कारण दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. बॅटरी चार्जिंगला लावली आहे. चार्ज झाली की कॅमेऱ्यातच बघू का?

मंदार: काकू, थांबा! कॅमेरा सुरू करू नका. सविस्तर लिहितो.

स्नेहा: कार्डच आहे ना ते? घालून बघायला काय हरकत आहे?

मंदार: कार्ड नाही ते, खरीखुरी हार्ड डिस्क आहे. आकार तेवढा जुन्या कॅमेऱ्यांत लागणाऱ्या कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डासारखा, जाडी ५ मिलिमीटर. आत १ इंचाची तबकडी असते, ती मिनिटाला ३,६०० वेळा फिरते आणि वाचणारं हेड तिच्यावर हवेच्या अगदी पातळ थरावर तरंगतं. आयबीएमने १९९९ मध्ये १७० आणि ३४० एमबीच्या डिस्क बाजारात आणल्या, २००० मध्ये १ जीबीची आली. तेवढ्या जागेचं फ्लॅश कार्ड, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारं, तेव्हा परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून फोटोग्राफर मंडळींनी ही घेतली. नंतर हा धंदा हिताचीकडे गेला. २००४ च्या आयपॉड मिनीमध्येही अशीच ४ जीबीची डिस्क होती.

आता तुमच्या कॅमेऱ्याचं. इतकी जुनी बॅटरी पूर्ण चार्ज दाखवते, पण तबकडी फिरवायची वेळ आली की मान टाकते. त्याच क्षणी कॅमेरा डिस्कवर काही लिहीत असेल तर फायलींची यादीच बिघडते. शिवाय काही कॅमेऱ्यांना डिस्क नीट वाचता आली नाही की ते सरळ ‘फॉरमॅट करा’ असा प्रश्न विचारतात, आणि घाईत ओके दाबलं जातं.

सुनंदा काकू: बरं झालं विचारलं. बॅटरी काढून ठेवते. डिस्क बाहेर काढू का?

मंदार: काढा, पण कडेने धरून. मधोमध दाबू नका, वरचं झाकण पातळ असतं. आणि खाली मऊ कापड पसरून ठेवा. बंद असताना ती बराच धक्का सोसते, फिरत असताना पडली तर मात्र हेड तबकडीवर आपटून ओरखडा उठतो. तिथले फोटो मग कुणीच परत आणू शकत नाही.

देशपांडे काका: मंदार, आमच्याकडेही होती ही. उंच डोंगरावर वापरू नका असं पुस्तिकेत लिहिलेलं आठवतं. खरं होतं का ते?

मंदार: खरंच होतं काका. सुमारे ३,००० मीटरच्या वर हवा विरळ होते, हेडला तरंगायला पुरेसा आधार मिळत नाही. गिर्यारोहकांनी म्हणूनच फ्लॅश कार्ड सोडलं नाही.

स्नेहा: म्हणजे गोम हलणाऱ्या भागांची. आताच्या कार्डात काहीच हलत नाही, मग ती कायमची टिकत असतील ना? माझे मुलाचे सगळे फोटो मोबाइलच्या कार्डावरच आहेत, म्हणून विचारते.

मंदार: स्नेहा, फोटो फक्त तिथेच असतील तर आज रात्रीच दुसरीकडे कॉपी कर. खरंच सांगतोय, उद्यावर टाकू नकोस.

कार्डात हलत काही नाही, हे बरोबर. पण माहिती साठते ती सूक्ष्म पेशींत अडकवलेल्या विद्युतभारावर. तो भार वर्षानुवर्षं हळूहळू गळतो, उष्णतेत जास्त वेगाने. शिवाय प्रत्येक वेळी पुसून नवीन लिहिताना पेशी थोडी झिजते. सुरुवातीच्या महागड्या फ्लॅशमध्ये एका पेशीत एकच बिट (माहितीचा सगळ्यात छोटा तुकडा) असायचा, ती १ लाखाच्या आसपास वेळा लिहिणं सोसायची. आता स्वस्त आणि मोठ्या कार्डांत एका पेशीत ३ बिट कोंबतात. म्हणजे भाराच्या ८ पातळ्या वेगवेगळ्या ओळखाव्या लागतात, आणि आयुष्य साधारण हजाराच्या घरात येतं. झीज सगळीकडे सारखी पसरावी म्हणून कंट्रोलर, म्हणजे कार्डाचं काम सांभाळणारी चिप, जागा बदलून लिहितो, त्यामुळे साध्या फोटोंसाठी हे पुरतं.

मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. वाचताना होणाऱ्या चुका कार्डातला कंट्रोलर गुपचूप दुरुस्त करत असतो. आपल्याला फोटो स्वच्छ दिसतो, म्हणून कार्ड ठणठणीत आहे असं वाटतं. दुरुस्तीची मर्यादा संपली, किंवा कंट्रोलरच गेला, की कालपर्यंत चालणारं कार्ड आज रिकामं दिसतं, नाहीतर दिसतच नाही. काकूंची डिस्क बिघडताना निदान टकटक आवाज तरी करते. कार्ड तेवढीही सूचना देत नाही. प्रवासात फोटो टिपायला कार्ड उत्तम आहे, साठवून ठेवायची जागा म्हणून मी त्याच्यावर अजिबात विसंबत नाही.

स्नेहा: बाप रे. आजच लॅपटॉपवर घेते.

मंदार: लॅपटॉपवर आणि आणखी एका वेगळ्या डिस्कवर. दोन्हीकडचे थोडे फोटो उघडून बघ, मगच कार्ड पुस. आणि पुसायचं तर ज्या उपकरणात वापरणार त्यातच फॉरमॅट कर.

संजय (सेक्रेटरी): विषय निघालाच आहे तर विचारतो. गेटवरच्या कॅमेऱ्यात मायक्रोएसडी कार्ड आहे. हिरवा दिवा चालू, मोबाइलवर चित्र दिसतं, पण मागचं रेकॉर्डिंग काढायला गेलो तर काहीच नाही. कार्ड १२८ जीबीचं आहे, फार जुनंही नाही.

मंदार: दोन शक्यता. तो कॅमेरा दिवसरात्र लिहितो, कार्ड भरलं की जुनं पुसून पुन्हा लिहितो. साधं कार्ड अशा वापरात लवकर झिजतं, आणि शेवटी पुष्कळदा फक्त वाचण्यापुरतं उरतं किंवा लिहिल्याचं नाटक करतं. दुसरी शक्यता कार्ड बनावट असण्याची. कमी जागेच्या कार्डाचा कंट्रोलर बदलून त्याला १२८ जीबी सांगायला लावतात. खरी जागा संपली की पुढचं सगळं हवेत. संगणकावर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ किंवा ‘एफ३’ चालवा, पूर्ण कार्ड भरून परत वाचून तपासतात ते. त्यासाठी कार्ड आधी रिकामं करावं लागतं, म्हणून काही हवं असेल तर काढून घ्या.

संजय (सेक्रेटरी): आणि नवीन कोणतं घ्यायचं?

मंदार: पाकिटावर ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलं, सतत रेकॉर्डिंगसाठीच बनवलेलं. व्ही३० वगैरे आकडे वेगाचे असतात, टिकाऊपणाचे नाहीत. त्यावर जाऊ नका.

देशपांडे काका: कार्डाच्या वॉरंटीवर ‘आजीवन’ लिहिलेलं असतं, त्याचं काय?

मंदार: कार्ड बदलून देतात काका. फोटो देत नाहीत.

सुनंदा काकू: माझ्या डबीचं पुढे काय रे बाळा?

मंदार: काकू, माझ्याकडे जाड कॉम्पॅक्टफ्लॅश घेणारा यूएसबी रीडर आहे, संध्याकाळी घेऊन येतो. त्यात ५० बारीक पिना असतात, डिस्क जराही तिरकी गेली तर पिन वाकते, म्हणून सरळच घालायची. फोटो उघडत बसायचं नाही. आधी ‘डीडीरेस्क्यू’ने अख्ख्या डिस्कची प्रत काढायची. ते सोपा भाग आधी उचलतं आणि अडणारा भाग शेवटी. मग त्या प्रतीवर ‘फोटोरेक’. यादी बिघडली असली तरी फोटोच्या फाइलची सुरुवात ओळखून ते फोटो शोधून काढतं. नावं आणि तारखा कदाचित मिळणार नाहीत.

टकटक आवाज आला तर मी लगेच बंद करणार आहे. पुन्हा पुन्हा सुरू केली तर हेड उरलेलं पण खरवडतं. तेव्हा मग डेटा रिकव्हरीवाल्यांकडेच न्यायची, त्याचा निर्णय तुमचा.

सुनंदा काकू: नावं नसली तरी चालतील, चेहरे आम्ही ओळखू. ये तू.

सुनंदा काकू: मंडळी, प्रत निघाली! डिस्क मस्त गुणगुणत फिरली. शेवटचे काही फोटो अर्धे राखाडी आलेत, बाकी सगळे दिसतात. मंदारने आमच्या संगणकावर आणि मुलीच्या डिस्कवर दोन्हीकडे टाकून दिलेत.

स्नेहा: किती छान काकू!! माझे पण लॅपटॉपवर गेले, दुसरी डिस्क उद्या.

संजय (सेक्रेटरी): गेटचं कार्ड एच२टेस्टडब्ल्यूमध्ये नापास. खरी जागा १६ जीबी निघाली. नवीन हाय एन्ड्युरन्स मागवतोय. आल्यावर आधी तेही तपासूनच लावू. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मागचं रेकॉर्डिंग उघडून बघायचं काम कोण घेतं?

देशपांडे काका: मी घेतो.