ती पितळी टोपी कोणाकडे आहे? (रविवारची सायकल)

प्रेषक: सेलूवाला
गुरुवार, रात्री

मंडळी,

मी काल गावी पोचलो. आपल्या मंडळाची रविवारची सायकलची चक्कर तोंडावर आली आणि तीनपैकी दोन सायकली आत्ताच बसल्या. भाचा आणि मी सहज म्हणून पांदणीने, म्हणजे शेतातल्या कच्च्या वाटेने, नहरापर्यंत गेलो होतो. येताना फस्स. माझ्या एकट्या मागच्या टायरातून सराट्याचे अकरा काटे निघाले, भाच्याने मोजून रुमालावर मांडून ठेवलेत.

ठिगळं लावून झाली. अडलंय ते हवेवर. ट्यूबा त्या बारीक वॉल्व्हच्या, प्रेस्टा. स्टँडवरच्या पंक्चरवाल्याकडे मोटरसायकलचा कॉम्प्रेसर आहे, पण त्याचं तोंड यावर बसत नाही. गेल्या वर्षी मंडळाच्या पिशवीत एक पितळी टोपी होती. ती वॉल्व्हवर फिरवली की कॉम्प्रेसर चालायचा. आज पिशवी उघडली तर दोन टायर लिव्हर, वाळून दगड झालेली सोल्युशनची ट्यूब आणि कोणाचा तरी एक मोजा.

टोपी ज्याच्याकडे असेल त्याने शुक्रवारच्या विमानाने येणाऱ्यांकडे द्यावी. आजच.

---

प्रेषक: अण्णा (खजिनदार)

पिशवी माझ्याकडून मार्चमध्ये गेली तेव्हा यादीप्रमाणे सगळं होतं. यादी सहीसकट माझ्याकडे आहे. पंप 1, टोप्या 2, लिव्हर 2, ठिगळांची डबी 1. मोजा यादीत नाही.

घेताना कोणाची सही आहे ते मी इथे लिहीत नाही. ज्याचं त्याला माहीत आहे.

दुसरं, पांदणीने जायचं नाही हे मागच्याच खेपेला ठरलं होतं. कशामुळे ठरलं तेही सर्वांना आठवत असेल.

---

प्रेषक: देवळीच्या काकू

> कशामुळे ठरलं तेही सर्वांना आठवत असेल

अण्णा, पडले मी होते, त्यामुळे मला चांगलंच आठवतं.

नवीन लोकांसाठी सांगते. गव्हाला ओलीत चालू होतं आणि धुरा (बांध) फुटून पाणी पांदणीवर आलेलं. वरून माती कोरडी दिसत होती, नुसती पापडी. चाक गेलं आत. काळी माती अशी चिकटते की दहा पावलांत मडगार्ड आणि टायरच्या मधे गच्च भरली, चाक फिरेचना. मी उतरायला पाय टेकला तर चप्पल तिथेच राहिली आणि मी तुरीत. पऱ्हाटीची काडी घेऊन अर्धा तास माती कोरत बसले. शेवटी मी सायकल खांद्यावर घेतली. समोरून बैलगाडी आली, त्यातले भाऊ म्हणतात, "काकू, तुम्ही सायकलीवर चालल्या का सायकल तुमच्यावर?"

सायकल गाडीत कापसाच्या गाठोड्यांवर टाकून घरी आली. मी मागून चालत. पोरांनी फोटो काढले, ते या लिस्टवर पुन्हा टाकू नयेत.

---

प्रेषक: आर्वीवाला

एवढा काथ्याकूट कशाला? सेलूत सायकलच्या दुकानात 28 इंची ट्यूब मिळते, साध्या वॉल्व्हची. ती टाक आणि मोकळा हो. आपले बाप काय प्रेस्टा घेऊन फिरत होते का?

---

प्रेषक: धाकटा

> 28 इंची ट्यूब मिळते

दादा, नावाने दोन्ही 28 इंचीच, पण चाक वेगळं. आजोबांच्या काळ्या सायकलीची रिम 635 मिलिमीटरची, हिची 622. ट्यूब रबराची, ती कशीबशी बसेल. पण रिमचं भोक साडेसहा मिलिमीटरचं आहे आणि साध्या वॉल्व्हची दांडी जाडी. ती त्यातून येणारच नाही.

---

प्रेषक: आर्वीवाला

मग भोक मोठं कर. पाच मिनिटांचं ड्रिल.

---

प्रेषक: धाकटा

सायकल माझी आहे. मामा, ड्रिल जवळ आणू द्यायचं नाही.

---

प्रेषक: वरुडची सून

टोपीचं मला काही माहीत नाही. मार्ग पक्का करा ना आधी. गेल्या वर्षीसारखंच सेलू–पवनार–सेवाग्राम–वर्धा का? माझे मामेसासरे पहिल्यांदाच येताहेत, त्यांना पत्ता नीट लिहून पाठवा. दोन वर्षांपूर्वी आमच्या नणंदेच्या मिस्टरांनी फोनमध्ये सेवाग्रामऐवजी "सेगाव" टाकलं, त्याने शेगाव दाखवलं, आणि ते बुलढाणा जिल्ह्याकडे गाडी पळवत होते. मूर्तिजापूरला पोचून फोन केला, "आश्रम किती लांब?"

---

प्रेषक: अण्णा (खजिनदार)

सूनबाई, यात नणंदेच्या मिस्टरांचा दोष नाही. गावाचं जुनं नाव सेगावच. गांधीजी 1936 मध्ये तिथे राहायला आले, आणि त्यांची पत्रं शेगावला जाऊ लागली म्हणून 1940 मध्ये सेवाग्राम हे नाव झालं. टपालखातं जिथे चुकलं तिथे फोनने काय वेगळं करावं?

पवनारला यंदा जास्त वेळ थांबू. घाट उतरून धाम नदीपर्यंत सायकली नेऊ नयेत, वर लावाव्यात. आम्ही लहानपणी 12 फेब्रुवारीच्या मेळ्याला वडिलांच्या सायकलीवर जायचो. मी दांडीवर, धाकटी बहीण कॅरिअरवर, आणि आईने दिलेला डबा हँडलला. सायकल मोठी, पाय पोचेनात, म्हणून मी कैची मारायला शिकलो ते त्याच रस्त्यावर. पहिल्याच दिवशी नालीत गेलो. डबा वाचला.

---

प्रेषक: आर्वीवाला

पांदण नको, मग समृद्धी महामार्गाने चला की. सेलू तालुक्यातूनच जातो. गुळगुळीत, एक काटा नाही.

---

प्रेषक: धाकटा

दादा, समृद्धीवर मोटरसायकललासुद्धा बंदी आहे. सायकल तर सोडाच.

---

प्रेषक: आर्वीवाला

गंमत केली रे.

---

प्रेषक: देवळीच्या काकू

सराट्याबद्दल कोणी काहीच का लिहीत नाही? मुख्य अडचण तीच आहे. पावसाळ्यात पिवळी पिवळी फुलं येतात तेव्हा किती साजरं दिसतं, आणि आता वाळलं की प्रत्येक तुकड्याचं एक टोक वरच. कसंही पडलं तरी वरच. शेळ्यांच्या पायातसुद्धा जातं ते. सायकल घरात आणायच्या आधी टायर ओल्या फडक्याने पुसायचा, हाताने नाही, आणि काटा दिसला की लगेच उपटायचा नाही. कधीकधी तो आत अडकून हवा धरून असतो. घरी येऊन मग उपटा.

आणि अण्णा, दुसरी टोपी माझ्याकडे आहे. पूजेच्या डब्यात सापडली. मला वाटलं समईचं काहीतरी आहे, चकचकीत होती म्हणून पितांबरीने घासून ठेवली. पण मी तर इथे परदेशात, बर्फात. शुक्रवारचे लोक विमानतळावर गेलेसुद्धा.

---

प्रेषक: अण्णा (खजिनदार)

काकू, सही तुमचीच होती. मी बोललो नव्हतो.

---

प्रेषक: देवळीच्या काकू

सही टोपीसाठी नव्हती, गणपतीच्या चादरींसाठी होती. यादी नीट बघा.

---

प्रेषक: सेलूवाला
शनिवार, दुपारी

मंडळी, भरली हवा.

पुन्हा स्टँडवर गेलो. या खेपेला पंक्चरवाल्या भाऊंनी कॉम्प्रेसरकडे पाहिलंच नाही. आधी पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून फिरवली. माझ्या ठिगळाच्या कडेने बुडबुडे येतच होते, ते त्यांनी उपटलं, कानशीने घासून दुसरं लावलं. मग वॉल्व्हच्या टोकाची इवलीशी चकती दोन आटे ढिली केली आणि म्हणाले, "हे सोडलंच नाही तर हवा जाईन काऊन?"

मी सोडली नव्हती. भाचाही नव्हता. आम्ही दोघे इंजिनीयर.

मग त्यांचा जुना हातपंप, काळ्या सायकलींचा. त्याच्या नळीचा चिमटा या बारीक वॉल्व्हवर थोडा सैल बसला, त्यांनी सायकलीच्याच ट्यूबची एक पट्टी गुंडाळली आणि अंगठ्याने दाबून धरली. मी पंप मारला. चाळीसेक दट्टे झाल्यावर टायर टणक. पैसे घेताना म्हणाले, "रविवारी डांबरीनंच जा. पांदणीत उगाच मले काम नोका देऊ."

तेव्हा डांबरी. सकाळी सहाला सेलू स्टँड, स्वेटर आणा, फार गार आहे. वर्ध्यात गोरसपाक बिस्किटं मी घेतो, पण किती जण ते आज रात्रीपर्यंत कळवा, गेल्या वेळी चार पुडे आणले आणि सहा घरांत भांडण झालं.

---

प्रेषक: वरुडची सून

आमचे चार. मामेसासरे गोड खात नाहीत, पण मोजा.

---

प्रेषक: आर्वीवाला

मोज्यावरून आठवलं. तो पिशवीतला मोजा करडा आहे का? डाव्या पायाचा असेल तर माझा.